जर्मनीहून आलेलं स्थळ

आमच्या घरातल्या लग्नांची चौकशी माझ्याकडे असायची. हे काम मला कोणी नेमून दिलं नव्हतं. कॉलेजात असताना एका चुलत बहिणीच्या लग्नात मी गाद्या, तांदूळ आणि पत्रिका यांच्या याद्या नीट केल्या आणि त्या लग्नात एकही पाहुणा गादीवाचून राहिला नाही, एवढंच झालं. त्यानंतर कोणाच्याही लग्नाचा विषय निघाला की पहिली हाक मला.

देवळीच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. घरात बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, त्यांची बायको म्हणजे मोठी आई, माझे आईबाबा आणि धाकटा भाऊ. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे लग्न होऊनही माहेरची कामं सुटली नाहीत. घरातले निर्णय मोठे बाबा घेत. माझ्या बाबांचं मत मोठ्या बाबांनी मत दिल्यानंतर तयार व्हायचं.

चौकशीची पद्धत ठरलेली होती. नवऱ्या मुलाच्या घरी आधी जायचं नाही. आधी घरासमोरच्या टपरीवर चहा, मग न्हावी, मग किराणा दुकान, आणि शेवटी तो परिवार जिथून कापड घेतो ते दुकान. तिथे मोठे बाबा स्वतः आत जात. गिऱ्हाईक साडी कशी परत करतं यावरून घर कसं आहे ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. कापड घेतानाही ते सुलटी बाजू बघत नसत. "सुलटी बाजू विकनारा दाखवते," ते म्हणायचे, "उलटी आपन पाहाची."

नव्वदच्या दशकात आम्ही अशी पुष्कळ स्थळं उलटी करून पाहिली. त्यातलं एक हिंगणघाटकडचं. मुलगा देखणा, घरची शेती, आणि मागणी काहीच नाही. "मुलगी आणि नारळ" म्हणाले. मोठ्या बाबांना झोप लागेना. हुंडा वाईट हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, पण न मागणारा माणूस समोर आला की सगळ्यांना धडकी भरायची. मी न्हाव्याकडे चौकशी केली. मुलगा ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीला उभा राहत होता आणि प्रत्येक वेळी अनामत जप्त करून घेत होता. चिन्ह दर वेळी वेगळं. मोठ्या बाबांनी स्थळ मोडलं आणि घरात कायदा झाला: मागणी नाही, म्हणजे खोट आहे.

हा कायदा पुढे एका विद्यापीठाला लागू होईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. धाकटा नागपूरला रसायनशास्त्रात एमएस्सी करून घरी आला होता. दुकानात बसायचा, पण गिऱ्हाइकाला रंग पक्का आहे का हे सांगताना इतकं रसायनशास्त्र सांगायचा की गिऱ्हाईक पांढरं कापड घेऊन जायचं. दर शनिवारी तो एसटीने वर्ध्याला जाऊन सायबर कॅफेत बसायचा. तिथून त्याने जर्मनीतल्या एका जुन्या सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना मेल पाठवल्या होत्या, आणि त्यातल्या एकाने उत्तर दिलं होतं: तुझं काम आवडलं, पीएचडीला घ्यायची तयारी आहे, एकदा फोनवर बोलू.

त्या विद्यापीठाचं नाव इतकं लांब होतं की मोठ्या आईने पहिल्याच दिवशी त्याचं "तुवं थे जर्मनीचं" करून टाकलं. मीही तेवढंच म्हणते.

धाकट्याने ही बातमी रात्रीच्या जेवणाला सांगितली.

"फी किती हाये?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"फी नाई हाये."

"आत्ता नाई, का नंतर बी नाई?"

"नंतर बी नाई. सरकारी विद्यापीठ हाये. तिकडं सरकारच शिकवते."

"मंग थे मागते काय?"

"काईच नाई. उलट तिथं लॅबमध्ये काम केलं तं पगार देतो म्हनते."

मोठ्या बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हंजे पोरगं बी थेच नेनार, अन् पैसे बी थेच देनार."

"हो."

"खोट हाये," मोठे बाबा म्हणाले. "मोठी खोट हाये."

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. त्या वर्षांत आमच्या भागात जागोजागी इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती आणि डोनेशन जेवढं जास्त तेवढं कॉलेज चांगलं, असाच सगळ्यांचा हिशेब होता. फुकट शिकवणारं कॉलेज म्हणजे पडकी इमारत आणि न येणारे मास्तर. पण मोठ्या बाबांच्या सहीशिवाय धाकट्याचं पान हलणार नव्हतं. तिकिटाचे पैसे आणि तिकडच्या पहिल्या दिवसांच्या खर्चाची बँकेतली हमी, दोन्ही त्यांच्या हातात. धाकट्याने ताटावरून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पतंग झाडावर अडकला की तो असाच बघायचा.

"चौकशी करू," मी म्हटलं.

"तेच म्हंतो," मोठे बाबा म्हणाले. "पोरगी देताना करतो, पोरगं देताना काऊन नाई करायची? तिकडंच राहनार हाये हा. घरजावईच झाला."

मी कामाला लागले. माझ्याकडे लग्नाच्या बायोडाट्याचा एक चांगला नमुना होता, तोच पुढे ठेवला. धाकटा सायबर कॅफेतून पानं छापून आणायचा, इंग्रजीतलं मराठीत सांगायचा, आणि मी रकाने भरायचे.

जन्म: नागपूर शहर वसायच्या आधी. जन्मवेळ उपलब्ध नाही. (कुंडलीसाठी मोठी आई वेळेवर अडून बसली होती. सकाळची असावी, असं मी तिला सांगितलं.) कूळ: तिथल्या एका राजाने पोपची परवानगी काढून विद्यापीठ स्थापन केलं. वर्ण: तांबूस दगड, उतरती कौलं. भावंडं: मुळात चार विभाग, धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान. पूर्वी सगळे लॅटिनमध्ये बोलत, आता सुधारले. रसायनशास्त्र हे त्यात सख्खं भावंड नव्हतं. ते वैद्यकाच्या घरात औषधं कुटायला राहिलेला भाचा होता, आणि पुढे त्याने स्वतःची इमारत बांधून सगळ्यांपेक्षा जास्त नाव काढलं. हा मजकूर धाकट्याचा, शब्द माझे. शेती: औषधी वनस्पतींची जुनी बाग. विशेष गुण: विद्यार्थ्याला नुसतं ऐकवत नाहीत, प्रयोगशाळेत हाताने काम करायला लावतात आणि नवीन काहीतरी शोधून काढल्याशिवाय सोडत नाहीत. इतर: संस्कृत शिकवतात.

संस्कृतपाशी मोठी आई थांबली. "अव माय! तिकडं? कोन शिकवते?"

"तिकडचेच लोक," धाकटा म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या शिकवून राह्यले. मोठमोठे कोश केले त्याइनं."

"आंघोळ करून शिकवते का तसंच?"

ते धाकट्याला माहीत नव्हतं. मी रकाना कोरा ठेवला.

मोठ्या बाबांनी चष्मा लावून बायोडाटा दोनदा वाचला. बागेपाशी "ओलिताची का कोरडवाहू?" एवढंच विचारलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"हे सारं त्याइनंच सांगतलं ना?"

"हो, त्यांच्याच वेबसाइटवरचं आहे."

"मंग! कोनता पोट्टा आपल्या बायोडाट्यात लिहीन, मी रिकामटेकडा हाओ म्हून? ही सुलटी बाजू झाली. उलटी कोठी हाये?"

मला राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. चौकशीचा माझाच नियम मी मोडला होता. स्थळाकडून स्थळाची माहिती घेत नाहीत.

पण जर्मनीतल्या टपरीवर चहा प्यायला जायचं कसं? धाकटा दोन दिवस दुकानात पडेल चेहऱ्याने बसला. रंग पक्का आहे का, असं कोणी विचारलं तर "असेल" म्हणायचा. विक्री वाढली, पण आईला ते बघवेना.

उत्तर शेवटी जवळच सापडलं. सेवाग्रामच्या बाजूला सूतकताई आणि निसर्गोपचार शिकायला परदेशी माणसं येऊन राहायची. माझ्या सासूबाई गुडघ्यांना मातीचे लेप लावून घ्यायला तिकडे जात. त्यांनी सांगितलं की एक जर्मन बाई हिवाळाभर राहून आहे, निवृत्त शाळामास्तरीण आहे आणि हिंदी बरं बोलते. मी निरोप पाठवून तिचं गाव विचारलं. गाव त्या विद्यापीठापासून आगगाडीने तासाभराच्या आतलं निघालं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्थळाच्या गावची बाई हाती लागली.

दुकानाची व्हॅन काढली. मोठे बाबा, मोठी आई, मी आणि गाडी चालवायला धाकटा. मोठ्या आईने डबाभर शेव-चिवडा घेतला. वाटेत मोठ्या बाबांनी आम्हांला पढवलं: एकदम विषय काढायचा नाही. आपण खादी बघायला आलो आहोत. बोलता बोलता जर्मनीवर यायचं.

बाई अंगणात चरख्यावर बसली होती. उंच, कोरी खादीची साडी, पायात लोकरीचे मोजे. मोठ्या बाबांनी नमस्कार केला आणि ठरल्याप्रमाणे तिने काढलेल्या सुताची गुंडी हातात घेतली. तिथे घोटाळा झाला. कापडाच्या माणसाला सूत हातात आल्यावर खोटं बोलता येत नाही.

"ये तो कच्चा है," ते म्हणाले. "मोटा-पतला हो रहा है. इसका तो पोछा भी नहीं बनेगा."

मोठ्या आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र खूश झाली. "तीन महीने से सब लोग बोल रहे हैं, बहुत सुंदर, बहुत सुंदर," ती म्हणाली. "आप पहले आदमी हैं जो सच बोला. बैठिए."

त्यानंतर खादीचा बहाणा टिकला नाही. मोठ्या बाबांनी सरळ विचारलं, "वो आपके उधर का विद्यापीठ. लड़का देना है. कैसा घर है?"

बाईने धाकट्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाबांकडे, आणि काहीतरी समजल्यासारखी मान हलवली. तिला किती समजलं ते मला आजही माहीत नाही, पण तिने उत्तरं मात्र अगदी मुलीकडच्यांना द्यावीत तशी दिली. विद्यापीठ जुनं आहे, पण इमारती एका जागी नाहीत, गावभर विखुरलेल्या आहेत, त्यामुळे विद्यार्थी सायकलवर असतात. रसायनशास्त्र चांगलं. कायदा आणि वैद्यक तर पहिल्यापासूनच. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. प्राध्यापक वेळेवर येतात.

"किती वेळेवर?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"पंधरा मिनट देर से," बाई म्हणाली. "लेकिन सब लोग ठीक पंधरा मिनट देर से. ये वहाँ का पुराना नियम है. घंटा बजने के बाद पंधरा मिनट, फिर क्लास."

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उशीरसुद्धा वेळेवर करणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

"अन् खायले काय भेटते?" मोठ्या आईने मला विचारायला लावलं.

बाईने बटाट्याचे इतके प्रकार सांगितले की मोठी आई मधेच "बस, बस" म्हणाली. वांगं मिळतं, पण चवीला नसतं, हेही कळलं.

"और गाइड कैसा होता है?" मी विचारलं. हा माझ्या यादीतला प्रश्न.

"हमारे यहाँ उसको गाइड नहीं बोलते," बाई म्हणाली. "डॉक्टर-पिता बोलते हैं. जो पीएचडी कराता है, वो उस लड़के का डॉक्टर-पिता. जिंदगीभर."

मोठ्या बाबांनी हातातली सुताची गुंडी खाली ठेवली.

"पिता?" मोठे बाबा म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "बाप म्हंते त्याले?"

"नुसतं म्हनाची रीत हाये, मोठे बाबा," धाकटा घाईने म्हणाला.

"घरी एक बाप हाये, एक मी हाओ. आता तिकडं तिसरा. कितीक लागते तुले?"

"त्याचा सासराच समजा ना," मी म्हटलं. ते त्यांना पटलं. सासरा असायला हरकत नव्हती. पण चेहऱ्यावरची सुरकुती गेली नाही, आणि पुढचा प्रश्न त्यांनी बाईला जरा कडक आवाजात विचारला. "सब अच्छा अच्छा बोला आपने. अब खोट बोलो. खराबी."

बाई हसली. "जेल है," ती म्हणाली.

"काय?"

"विद्यापीठ का अपना जेल. पुराने जमाने में विद्यार्थी पर गाँव की पुलिस का कानून नहीं था, विद्यापीठ का अपना न्यायालय था. रात में दारू पीकर चिल्लाया, किसी का दिया फोड़ दिया, पुलिसवाले को गाली दी, तो विद्यापीठ के जेल में. खाना बाहर से मँगाओ, दोस्त लोग मिलने आते थे, सब दीवार पर चित्र बनाते थे. जो एक बार भी जेल नहीं गया, उसको लोग हँसते थे. अब बंद है. टूरिस्ट देखने आते हैं."

मोठे बाबा उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता.

"भेटली!" ते म्हणाले. "मी म्हनत नोतो? खोट हाये! जेल हाये! बेवडे होते सारे!"

"व बाई," मोठी आई म्हणाली, "तुमाले आनंद काऊन होऊन राह्यला?"

"खोट दिसली ना. आता मले झोप येईन. दिसलेल्या खोटीचं काई नाई, माप घेता येते तिचं. न दिसलेली लय वाईट."

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. मीही पर्समधून यादी काढून त्या रकान्यावर खूण करणार, तेवढ्यात बाई म्हणाली, "नहीं. वो तो मजाक की बात थी. असली खराबी दूसरी है."

तिने चरखा बाजूला सरकवला आणि सावकाश, शब्द शोधत सांगितलं. तिच्या जन्माच्या आधी तिच्या देशात एक फार वाईट राजवट आली. तेव्हा त्या विद्यापीठाने आपल्याच चांगल्या चांगल्या प्राध्यापकांना त्यांच्या धर्मासाठी काढून टाकलं. बाहेरच्यांनी येऊन जबरदस्तीने केलं असं नाही. आतले लोक गप्प बसले, काही पुढे झाले, आणि रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर बसलेसुद्धा. विद्यार्थ्यांनी चौकात पुस्तकं जाळली. तिचे वडील तेव्हा तिथे शिकत होते. ते त्या चौकात होते का, हे तिने त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

मोठी आई हळूच बाईच्या शेजारी जाऊन बसली. भाषा तिला निम्मी कळली असेल.

"ये बात आपको कैसे मालूम?" मोठ्या बाबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "किसने बताया?"

"अब तो दरवाजे पर लिखा है," बाई म्हणाली. "विद्यापीठ ने खुद लगाया. जिनको निकाला, उनके नाम. बहुत देर से लगाया, लेकिन लगाया."

परतीच्या वाटेवर मोठे बाबा पुढच्या सीटवर बसले होते. सावंगी मागे पडल्यावर म्हणाले, "आपल्या चौकशीत आतापर्यंत कोनी सांगतलं का, बापा, आमच्या घरानं असं केलं म्हून? दारावर लिहून?"

"नाही," मी म्हटलं.

"घर मोठं हाये," ते म्हणाले.

पण "हो" म्हणाले नाहीत. धाकट्याने गाडी चालवताना आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, थांब.

फोनचा दिवस त्याच आठवड्यात ठरला. प्राध्यापक दुपारी दुकानाच्या फोनवर बोलणार होते. सकाळी मी दुकानात गेले तर मोठ्या आईने पोहे भिजवले होते.

"फोन आहे, मोठी आई. ते इथे येणार नाहीत."

"मले समजते. पन पाहाचा कार्यक्रम हाये तं पोहे होतेच."

धाकट्याला माझ्या लग्नात त्याच्यासाठी शिवलेला सफारी घालायला लावला होता. बाबांनी टेलिफोनचं टेबल पुसलं, मग फोन पुसला, मग वायर पुसली. मोठे बाबा धोतर-टोपीत गादीवर. पुतळ्यावरची चांगली साडी काढून तिथे त्याहून चांगली नेसवली होती, का ते कोणाला विचारू नका. ब्लाउजपीस घ्यायला आलेली आंजी गावची एक बाई सगळा प्रकार ऐकून तिथेच बसली. "मुलगा कोनता?" तिने मला विचारलं. मी दाखवला. "बरा हाये," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी घेतली.

घंटा वाजली. धाकटा उभा राहून बोलायला लागला. इंग्रजी, त्यात रसायनशास्त्र. आम्हांला फक्त त्याचा चेहरा दिसत होता. आधी घाम, मग हातवारे. मग तो ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यावर बोटाने कसल्याशा षटकोनी आकृत्या काढायला लागला, आणि मोठ्या बाबांनी मला विचारलं, "थो हसला का?"

"कोण?"

"तिकडचा."

"आत्ता हसला," धाकट्याने रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं. त्याचा स्वतःचा चेहरा दिवाळीसारखा झाला होता. "मोठे बाबा, घेतो म्हनते! येशील का, विचारून राह्यले. मी हो म्हंतो."

मोठ्या बाबांनी हात पुढे केला. "दे इकडं."

"अहो, इंग्रजीत आहे," मी म्हटलं.

"दे."

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, घसा साफ केला आणि आयुष्यातलं सगळं इंग्रजी एकत्र केलं. "हॅलो. यू डॉक्टर फादर. आय बिग फादर." तिकडून काहीतरी आलं. त्यांनी मान डोलावली. "यस. बॉय गुड. यू गुड. वी टेल आफ्टर." आणि फोन ठेवून दिला.

धाकटा भिंतीला टेकला.

"मोठे बाबा! त्याइनं हो म्हटलं होतं!"

"म्हून तं. तिकडून हो आला की इकडून लगेच हो म्हनाचा नसते. घरी इचार करून कळवतो म्हनाचं असते. लगेच हो म्हटलं तं त्याइले वाटन, पोरात खोट हाये."

"बरोबर हाये," आंजीची बाई म्हणाली.

धाकटा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने वर्ध्याला गेला आणि छापलेला कागद घेऊन आला. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की बिग फादरशी बोलून फार आनंद झाला. घरच्यांना विचार करायला वेळ हवा हे समजू शकतो. सोमवारपर्यंत वाट बघेन. त्यानंतर मात्र जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल, कारण आणखी एक जण रांगेत आहे.

मी ते वाचून दाखवलं. मोठे बाबा खूश. "मानूस चांगला हाये. घाई करून नाई राह्यला."

"सोमवारपर्यंतच आहे पण," मी म्हटलं.

"ऐकलं मी."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मोठे बाबा दुकानात कापड मापत होते, घरी बातम्या बघत होते. धाकटा त्यांच्यासमोरून उगीचच ये-जा करत होता. रविवारी आईने सरळ विचारलं, तर "उद्याचा दिवस हाये ना" म्हणाले. मी रात्री सासरी गेले, पण झोप नव्हती. यादीत सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या होत्या. एक राहिली होती, आणि ती माझ्या हातात नव्हती.

सोमवारी सकाळी मी दुकानात पोहोचले, तेवढ्यात मोठे बाबा टोपी घालून खाली आले. "चाला. गाडी काढ रे. तूबी चाल, माय."

"वर्ध्याला?"

"आंधी केळझर."

म्हणजे गणपती. म्हणजे वर्धा ओलांडून आणखी तेवढंच पुढे जायचं, रांगेत उभं राहायचं आणि परत यायचं. धाकट्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "जर्मनीत आत्ता पहाट आहे," मी त्याला सांगितलं. "प्राध्यापक झोपलेले आहेत. चल."

दर्शन झालं. मोठे बाबा देवासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ सरकून ऐकायचा प्रयत्न केला, पण मागच्या बाईच्या पिशवीतले नारळ मधे आले. टेकडी उतरताना त्यांनी पेढे घेतले, एक पुडा जर्मनीसाठी.

सायबर कॅफेत ते पहिल्यांदाच आले होते. प्लायवूडच्या खणात आम्ही तिघं कशीबशी मावलो. मोठ्या बाबांनी मांडीवर टोपी ठेवली आणि सांगायला लागले. धाकटा ते इंग्रजीत करून टाइप करत होता.

"सप्रेम नमस्कार लिह. लिह, आमी तुमची चौकशी केली. घर पसंत हाये. जेलचं बी समजलं, त्या दुसऱ्या गोष्टीचं बी समजलं. लिहिलं?"

"जेलचं लिहू?"

"लिह. समजलं हाये म्हून समजू दे त्याइले. लिह, पोरगा हुशार हाये, पन सकाळी उठत नाई. बोलते लय. कामात लागला तं जेवाचं भान राहत नाई, तं एकदा आठवन द्याची." ते थांबले. टोपीची घडी नीट केली. "लिह, आता थो तुमचाबी हाये. खाली माहं नाव टाक."

धाकटा टाइप करताना नाक ओढत होता. मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्पेलिंग तपासत होते.

त्याने बटण दाबलं.

"गेलं?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"गेलं."

"इतक्यात?"

"हो."

"पोहोचलं बी?"

"पोहोचलं बी."

ते उठले, टोपी घातली, बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसले. धाकटा अजून आतच, कॅफेवाल्याला पेढे देत होता. मी मागच्या सीटवर बसून पुढची यादी सुरू केली: पासपोर्टच्या झेरॉक्स, गरम कपडे, कुकर. धाकटा आला, त्याने गाडी सुरू केली आणि बजाज चौकातून देवळीच्या रस्त्याला वळवायला घेतली.

"थांब," मोठे बाबा म्हणाले. "इकडून नाई. सेवाग्रामकडं घे."

"कायले?" धाकट्याने घाबरून विचारलं. "आता तं पाठवलं ना?"

"तिकडं तिखट भेटते का नाई, हे त्या बाईले इचाराचंच राह्यलं. अन् आजारी पडला तं डॉक्टर कोन पाहते. अन् थंडीत आंघोळीचं कसं." त्यांनी मागे वळून माझ्याकडे हात केला. "कागद हाये ना तुयाजोळ? लिहून घे, माय. बरंच राह्यलं हाये."